उतारावर बोलणारा कर्णा

१९६७ सालचा मे महिना. आमच्या आडबंदरच्या नगरपालिकेच्या निवडणुकीला दोन दिवस उरले होते आणि सकाळी साडेआठ वाजता मी डॉक्टर पोंक्ष्यांच्या काळ्या मॉरिस गाडीच्या डिकीत कमरेपर्यंत शिरले होते. हातात एक काळी वायर होती, दातांत लाल.

"रत्ने, आटपलं का?" मामाने दुकानातून विचारलं.

"उँ," मी म्हटलं. दातांत वायर असताना याहून जास्त बोलता येत नाही.

गाडी मामाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानासमोर उतारावर उभी होती. आमच्या गावात गाडी उभी करायची म्हणजे उतारावरच. सपाट जागा गावात दोनच, देवळाचं अंगण आणि बंदराचा धक्का. मॉरिसचा हँडब्रेक नावापुरता होता, म्हणून डॉक्टरांचे ड्रायव्हर दाऊदभाई परकार आत बसून पायाने ब्रेक दाबून धरत होते. मधूनच ओरडायचे, "अगो पोरी, माझा पाय आहे हा, खुंटी नाही!"

डिकीत माझी पेटी होती. पेटी म्हणजे ॲम्प्लिफायर. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात मी तो चार महिने खपून स्वतः बांधला होता. गाडीच्या टपावर मामाचा जुना कर्णा होता, तो बाळंतिणीचं पोट बांधायच्या लांब पट्ट्यांनी करकचून बांधलेला. पट्टे नर्सबाईंचे. निवडणुकीला उभ्या होत्या त्याही नर्सबाईच.

मी काळी वायर गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळली. लाल वायर पुढच्या बॅटरीपासून आतून ओढत आणली होती. तिचं टोक दातांतून काढून पेटीला लावलं.

फट्ट!

पेटीतून पांढरा धूर आला आणि सुके बोंबील करपल्यासारखा वास सुटला. लाल वायर तापून माझ्या बोटांना चिकटली. मी मागे उडी मारली ती थेट रस्त्यात बसले.

"गेला काय गो?" दाऊदभाईंनी खिडकीतून मान काढली.

मी भाजलेली बोटं तोंडात घातली. काय गेलं ते मला ठाऊक होतं, आणि पेटीबरोबर आणखी काय जाणार तेही.

आमचं घराणं सोनारांचं. माझे वडील, नाना कारेकर, यांच्या हाताखाली सहा कारागीर होते असा एक काळ मी पाहिला आहे. त्रेसष्ट साली सरकारने सोन्यावर नियंत्रण आणलं आणि एका कायद्यात आमची शेगडी थंड झाली. तेव्हापासून नानांनी एकच गोष्ट मनात घेतली होती. मुलीने पगाराची नोकरी धरायची. रत्नागिरीच्या अध्यापिका विद्यालयाचा अर्ज त्यांनीच भरला, मुलाखतीचं पत्रही आलं. सोमवारची मुलाखत होती.

मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. दहावीपासून मी मामाच्या, म्हणजे बाबल पेडणेकरच्या, दुकानात बसत होते. डाग द्यायला, म्हणजे धातू वितळवून जोड द्यायला, मी नानांच्या मांडीशी बसून शिकले होते, रेडिओ मामाने शिकवला. आदल्या वर्षी मामाला झटका आला आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला. सोल्डरिंग आयर्न त्याच्या हातात राहीना. तेव्हा तो नानांना म्हणाला, "भावोजी, हे दुकान मी रत्नीला देतो."

"रेडिओ दुरुस्त करणारी बाई कुणी पाहिली आहे का?" नाना म्हणाले.

"मोटार चालवणारीही कुणी पाहिली नव्हती."

"अजूनही पाहिली नाही."

त्यावरून दोघांचं आठवडाभर जुंपलं. शेवटी नाना म्हणाले, "ठीक. सोनं कसाला लावतात तशी हिला लावू. नर्सबाईंना कर्णा हवाय ना? हिच्या हातचा कर्णा प्रचाराच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बोलला, तर विद्यालयाला नकाराचं पत्र मी लिहितो. नाही बोलला, तर सोमवारी रत्नागिरीची गाडी पकडायची आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढायची नाही."

गावातला एकुलता एक भाड्याचा लाउडस्पीकर नर्सबाईंचे प्रतिस्पर्धी, लाकडाचे व्यापारी तात्या शेट्ये यांनी आठवडाभर अडवून ठेवला होता, म्हणून ही पाळी आली होती.

आणि तो शेवटचा दिवस हाच.

मामा काठी टेकत पायरीवर आला. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"अर्थ कुठं घेतलास?"

"बॉडीला. मायनस बॉडीला. तूच तर शिकवलंस."

"मी शिकवलं, 'आधी अर्थ बघ'. 'आधी जोड आणि मग धूर बघ' असं नाही शिकवलं. मीटर कशाला दिलाय तुला? दाऊद, गाडी कुठल्या सालची रे?"

"डॉक्टरांनी घेतली एकोणपन्नासात. बोटीने आलीय विलायतेहून."

"झालं तर. त्या गाड्यांचा अर्थ उलटा असतो. प्लस बॉडीला, मायनस वायरीला. जगाचं ते सरळ, तिचं ते उलट."

एवढ्यात नर्सबाई आल्या. द्वारकाबाई मयेकर. पांढरं पातळ, पायांत पुरुषी वहाणा, काखेत छत्री. छत्री हेच त्यांचं निवडणुकीचं चिन्ह, त्यामुळे उन्हातही त्या ती मिटूनच धरायच्या, "फाटली तर मतं जातील" म्हणून. एकवीस वर्षं त्या गावाच्या सूतिकागृहात होत्या. सूतिकागृहाला नळ नव्हता, पाणी घागरीने चढावरून आणावं लागे. तो नळ मिळावा म्हणून निवृत्त झाल्या झाल्या त्या उभ्या राहिल्या.

"काय उलटं आहे म्हणता?" त्यांनी विचारलं.

"हिने पेटी उलटी लावली, नर्सबाई," मामा म्हणाला. "डोकं तिकडे पाय, पाय तिकडे डोकं."

"म्हणजे पायाळू! मग रडतेस काय? उलटं आलं तर फिरवून घ्यायचं. मी काय बसून रडते?"

मी डोळे पुसले. पेटी उघडली. दोन मोठे ट्रान्झिस्टर मेले होते, एक कंडेन्सर फुटला होता. कंडेन्सर जुन्या रेडिओतून निघाला, ट्रान्झिस्टरची मात्र मामाच्या खणात नेमकी एक जोडी शिल्लक होती. मामाने ती माझ्या तळहातावर ठेवली आणि खण उपडा करून दाखवला. याच्यापुढे काही नाही.

पेटीचा डबा मायनसला जोडलेला होता आणि या गाडीचा पत्रा प्लस. म्हणजे डबा पत्र्याला टेकला की पुन्हा धूर. डब्याखाली घालायला काही हवं होतं. नर्सबाईंनी पिशवीतून बाळंतपणाच्या खाटेवर घालतात ते लाल रबरी कापड काढलं. "हे घे. याच्यातून काहीही झिरपत नाही, माझी खात्री."

वायरीचं मात्र अवघड झालं. बॅटरीपासून आणलेली लांब वायर पार वितळली होती. तसं भेंडोळं गावात एकाच दुकानात मिळे आणि तो दुकानदार शेट्यांचा मेहुणा. त्याने माझ्याकडे पाहिलं, टपावर कर्णा बांधलेल्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "वायर? संपली." त्याच्या मागे खुंटीला तीन भेंडोळी लटकत होती.

साडेबाराला मी नवे ट्रान्झिस्टर बसवून उठले. लांब वायर नाही तर नाही. मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरी डिकीतच आल्या होत्या. त्यांतल्याच एकीतून करंट घ्यायचा ठरवलं. मामाचा तपासणीचा छोटा दिवा मी एकेका वायरीला लावला. पहिली मेलेली. दुसरी मेलेली. तिसरीला दिवा लख्ख पेटला. या वेळी मीटरने अर्थ पाहिला, दोनदा पाहिला, मामाला मोठ्याने सांगितला, आणि मगच जोडलं.

फट्ट झालं नाही. कर्ण्यातून हलकी घुं आली. जगातलं सगळ्यात गोड गाणं मला त्यापुढे फिकं वाटलं असतं.

"बोला, नर्सबाई!"

त्यांनी माइक तोंडाशी धरला. जन्मात पहिल्यांदाच. काय बोलायचं ते ठरवलेलं सगळं विसरल्या आणि सवयीने म्हणाल्या, "घाबरू नका. दीर्घ श्वास घ्या."

सगळी आळी खिडक्यांत आली. समोरचा न्हावी वस्तरा घेऊनच बाहेर पळत आला. त्याच्या मागोमाग अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक.

मामा पायरीवर उभा होता. गाडीच्या पाठीमागे तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हं. जा आता."

गाडी सुटली आणि कर्णा बंद पडला.

आधी आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. नर्सबाई पुढे बसल्या होत्या, मी मागे. त्या जोरात सांगत होत्या, "येत्या रविवारी छत्रीवर शिक्का मारा!" पुढच्या वळणाआधी गाडीने गचका खाल्ला तशा त्या माइक तोंडाशीच ठेवून दाऊदभाईंवर खेकसल्या, "दाऊद, जपून, एखादं हाड मोडेल!" आणि वळणावर दाऊदभाईंनी ब्रेक दाबला. बाहेरच्या लोकांना ऐकू आलं ते एवढंच:

"—मोडेल!"

ओट्यावरचा एक म्हातारा दचकून उठला. "काय मोडेल हो?"

मी गाडी थांबवायला सांगितली. उतरून डिकी उघडली. कर्णा छान घुमत होता. सगळे जोड घट्ट. बसले, गाडी निघाली, कर्णा गप्प. पुन्हा थांबवली, पुन्हा बोलका. असं पाच वेळा झालं.

"बाळंतपणाच्या कळा असतात तशा," नर्सबाई म्हणाल्या. "डॉक्टर आला की थांबतात, गेला की येतात."

"यांचं उलट आहे, नर्सबाय," दाऊदभाई म्हणाले. "मी थांबलो की येतात."

ते सहज बोलून गेले. पण ते शब्द माझ्या डोक्यात रुतले. मी थांबलो की.

"दाऊदभाई, मी उतरते. तुम्ही गाडी थोडी पुढे न्या आणि थांबवा. नर्सबाई, तुम्ही नुसत्या आकडे मोजत राहा."

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. गाडी चालली. आवाज नाही. दाऊदभाईंनी ब्रेक दाबला, मागचा तांबडा दिवा पेटला आणि टपावरून खणखणीत आवाज आला, "नऊ! दहा!" पाय उचलला. दिवा विझला. अकरा कुणाला ऐकू आले नाहीत.

मी कपाळावर हात मारून घेतला. वायर ब्रेकच्या दिव्याची होती. मी तपासत होते तेव्हा दाऊदभाईंचा पाय ब्रेकवर होता, म्हणून तिच्यात करंट दिसला. बाकीच्या वायरी मेलेल्या नव्हत्या, त्यांचे दिवे तेवढे लावलेले नव्हते. अर्थ दोनदा पाहिला, दोनदा! आणि वायर कुणाची ते एकदाही पाहिलं नाही.

दोन वाजून गेले होते. पुढून वायर आणायची तर वायर नव्हती. मी गाडीजवळ जाऊन दोघांना सगळं सांगितलं. सांगता सांगता रडूच फुटलं. "आता झालं. सोमवारी मी रत्नागिरीला."

दाऊदभाईंनी जरा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवली.

"म्हणजे माझा पाय ब्रेकवर असला की हा बोलणार?"

"हो."

"मग रडायला काय झालं? या गावात निम्मा उतार आहे. मी ब्रेक हलका दाबूनच उतरतो. सगळ्या उताराला बोलेल."

"आणि चढावर?"

"चढावर नर्सबाय दम खातील."

"आणि सपाटीला, बाजारात?"

"थांबायचं. घरोघरी थांबायचं. बाळंतपणाला काय वरातीतून जातात?"

नर्सबाईंनी पदर खोचला. "चल."

त्या दुपारी आडबंदरने जो प्रचार पाहिला तसा आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. शेट्यांची जीप भरधाव जायची. तिचं चिन्ह तराजू. पण धुळीबरोबर लोकांच्या कानांत पडायचं ते "...राजू! ...राजू!" एवढंच. आमची मॉरिस उतारावरून मुंगीच्या पावलाने बोलत उतरायची, चढावर मुकाट धापा टाकत चढायची आणि सपाटीला दर दहा पावलांवर थांबायची. आणि घरापुढे थांबल्यावर त्या घराशी बोलल्यावाचून नर्सबाईंना राहवेना. घोषणा केव्हाच मागे पडल्या.

"काशीबाई तळेकर, बाहेर या! मनोहरचा कान फुटायचा राहिला का? कोमट तेल घालू नका सांगितलं होतं, घालताय ना अजून?"

"गणपत! ओट्यावर काय बसलायस? चौदा तास खोळंबवलंस आईला. आता रविवारी मत द्यायला खोळंबू नकोस!"

"ही कोण? सुशीला? अगो, तू माझं पहिलं बाळ या गावातलं. एकवीस पुरी झाली ना यंदा? बघा, माझी बाळं मताला आली!"

लोक घराबाहेर येऊन हसायला लागले. मुलं गाडीमागे, बायका गाडीपुढे. कुणी ताक आणून दिलं, कुणी फणसाचे गरे. एक म्हातारी खिडकीतून आत वाकून म्हणाली, "बाय, तुझा भोंगा मध्येच गप का होतो गो?"

"त्यालाही वाटतं, कधी दुसऱ्यांचं ऐकावं," नर्सबाई म्हणाल्या.

चारच्या सुमारास आम्ही तेलीआळीच्या उताराला लागलो. आळी इतकी अरुंद की दोन गाया समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागते. आणि खालून शेट्यांची जीप वर आली. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. दाऊदभाईंनी ब्रेक गच्च दाबला, म्हणजे आमचा कर्णा चालू.

तात्या शेट्ये जीपमधून उभे राहिले. जाडजूड, गळ्यात हार, घामाने ओलेचिंब. "नर्सबाई, गाडी मागे घ्या. चढणाऱ्या गाडीचा मान असतो."

"मान कळतो मला, शेट्ये," अख्ख्या आळीला ऐकू गेलं. "पण आम्ही मागे गेलो की आमचं तोंड बंद होतं."

आळीत हशा पिकला.

"हे बघा, मला पाचच्या आत बंदरावर सभा घ्यायची आहे."

"घ्या की. पाच नातवंडं घेतली तुमची या हातांवर. एकदा तरी तुम्ही कधी माझ्यासाठी मागे सरलात? नळासाठी तुमच्या पेढीवर दहा खेपा घातल्या मी. आता सहावं येईल दिवाळीला, तेव्हा तरी..."

त्या थांबल्या. हाताने तोंड झाकलं. पण कर्ण्याला हात नव्हते.

खिडक्यांतून माना आणखी पुढे आल्या.

"दिवाळीला?" शेट्ये म्हणाले. "कुणाचं?"

"नाही, म्हणजे... मी आपलं सहज..."

"सूनबाईचं? मला कसं कुणी सांगितलं नाही?"

"पाचवा महिना लागल्याखेरीज बायका बोलत नाहीत, शेट्ये. मीही बोलायला नको होतं. जळलं माझं तोंड."

शेट्यांनी गळ्यातला हार काढला. काय करावं न सुचून तो आमच्या मॉरिसच्या बॉनेटवर ठेवला. मग मागे वळून ड्रायव्हरवर गरजले, "ऐकू येत नाही काय रे? जीप मागे घे! बाईंना वाट दे! आणि कुणीतरी पळा, पेढे आणा आळीला!"

जीप मागे सरत गेली आणि आम्ही बोलत बोलत तिच्यामागून उतरलो. नर्सबाई माइक बाजूला करून मला म्हणाल्या, "रत्ने, तेलीआळी गेली हातची. पेढे तोंडात असताना कोण छत्रीवर शिक्का मारतोय?"

पाचला दहा कमी असताना एकच रस्ता राहिला होता. बाजारपेठेचा चढ. नानांचं दुकान त्या चढाच्या ऐन मध्यावर. नाना तिथेच उभे असणार, नगरपालिकेचा पाचचा भोंगा व्हायची वाट बघत. आणि आमचा कर्णा चढावर मुका.

"खालून थांबून बोललं तर ऐकू जाईल नानांना?" मी विचारलं.

"त्यांना ऐकू जाईल," दाऊदभाई म्हणाले, "पण दिसायलाही पाहिजे ना. चल, दुकानापुढे थांबवतो."

"चढावर? हँडब्रेक नाही. पुन्हा उचलेल का गाडी?"

"उचलणार नाही. ढकलायला बाजार आहे की."

मॉरिस धापा टाकत चढली. नाना दुकानाच्या फळीवर उभे होते, हात मागे, भिंग अजून कपाळावर. आजूबाजूला सगळा बाजार जमला होता. पैजेची गोष्ट आईने कुणाला सांगितली नसती तर ती आई कसली. गाडी मुकाट आली आणि नानांच्या समोर थांबली. दाऊदभाईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ब्रेकवर उभंच राहावं तसा पाय दाबला. कर्णा घुमला.

नर्सबाईंनी माइक माझ्या हातात दिला.

"तू बोल. तुझा आहे तो."

मला नुसतं 'छत्रीवर शिक्का मारा' म्हणता आलं असतं. दोनदा म्हटलं असतं, पाच वाजले असते, आणि मी जिंकले असते. पण नाना माझ्याकडे बघत होते. खोटं सोनं ज्या नजरेने बघतात ती नजर नव्हती ती. जरा भ्यालेलीच होती. मी हरले तर त्यांना बरं वाटणार नव्हतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"नाना," मी म्हटलं, आणि माझा आवाज साऱ्या बाजारातून फिरून माझ्याच कानांवर आला, "कर्णा बोलतोय. पण माझी वायर चुकलीय. मी ब्रेकच्या दिव्यातून करंट घेतलाय. गाडी थांबली की हा बोलतो आणि चालली की गप्प बसतो. सकाळीही एक जोडी जाळली मी."

सगळा बाजार एकदम खदखदला. कुणीतरी ओरडलं, "म्हणून होय दाऊद दर घराला थांबत होता!"

नाना फळीवरून उतरले. गाडीजवळ आले. कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढून त्यांनी मागचा तांबडा दिवा निरखून पाहिला, जसा एखादा खडा पाहावा.

"चूक कधी कळली?"

"दोन वाजता."

"आणि दोनपासून आत्तापर्यंत काय केलंत?"

"थांबत थांबत बोललो."

नगरपालिकेचा पाचचा भोंगा वाजला. तो थांबेपर्यंत नाना दिव्यापाशीच वाकून होते. मग त्यांनी भिंग वर सरकवलं.

"दागिना घडवताना बिघडला, तर सोनार गिऱ्हाइकाला काय सांगतो, माहीत आहे?"

"काय?"

"नवा घाट आहे, मुंबईला हाच चालतो." त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं. "तू तर आमच्याच धंद्यातली निघालीस. जा, पत्र लिहितो मी."

"अहो कारेकर," दाऊदभाई आतून कळवळून ओरडले, "पत्र मागाहून लिहा, आधी ढकला! माझा पाय गेला!"

आणि नाना कारेकरांनी, अंगावरच्या स्वच्छ सदऱ्यासकट, सगळ्या बाजाराबरोबर गाडीला खांदा लावला.

नर्सबाई त्या निवडणुकीत अकरा मतांनी पडल्या. "अकराच ना?" त्या म्हणाल्या. "माझे मतदार अजून शाळेत आहेत." ते खरं झालं. पुढच्या निवडणुकीत त्यांनी शेट्यांना चारशे मतांनी हरवलं. तोवर नळाचं काम राहिलं नव्हतं, कारण शेट्यांच्या सुनेने सहाव्या बाळंतपणाच्या आधीच सासऱ्यांकडून तो बसवून घेतला होता. दिवाळीला तिला जुळं झालं. नर्सबाई ब्याऐंशी वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत त्यांनी पुन्हा कधी माइक हातात धरला नाही.

तात्या शेट्ये पडल्यावर राजकारणातून उठले आणि नातवंडांत रमले. त्यांच्या घरचे सात रेडिओ पुढे माझ्याकडे दुरुस्तीला असायचे. त्यांच्या मेहुण्याच्या दुकानातली वायर मात्र मी कधी घेतली नाही.

मॉरिस डॉक्टरांनी एकाहत्तर साली कोल्हापूरच्या एका हौशी माणसाला दिली. दाऊदभाई तिला पोहोचवायला स्वतः गेले आणि येताना रडत आले असं त्यांची बायको सांगायची, ते नाही म्हणायचे. पुढे त्यांनी स्वतःची टॅक्सी घेतली. त्यांचा धाकटा मुलगा आता दुबईला विमानांची वायरिंग करतो. पहिला डाग त्याने माझ्या टेबलावर दिला.

नाना ऐंशी साली गेले. सोन्याचं काम कमी झाल्यावर माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून ते ट्रान्झिस्टरच्या बारीक बारीक तारा जोडून द्यायचे. माझ्याहून सुबक जोडायचे. गिऱ्हाइकाला सांगायचे, "मालक त्या. मी कारागीर."

आणि मामा. त्याच्या शेवटच्या दुखण्यात एकदा मी त्याला म्हटलं, "मामा, त्या दिवशी तू पायरीवर उभा राहून गाडीच्या मागे बघत होतास. दिवा पेटलेला तुला दिसला होता ना?"

"दिसला होता."

"मग बोलला का नाहीस? एका शब्दाचं काम होतं. माझा जीव जायची वेळ आली होती."

त्याचा थरथरता हात पांघरुणावर होता. तो दुसऱ्या हाताने त्याने दाबून धरला.

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर दुकान माझंच राहिलं असतं."

ते दुकान मी एकेचाळीस वर्षं चालवलं.